धूर टनात मोजायचा की छातीत?

डिसेंबरात पहाटे पाचला मामांच्या गुऱ्हाळावर गेलं की आधी वास येतो, मग जाळ दिसतो. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं साधंच गुऱ्हाळ. वर काहिलीत रस उकळत असतो, गुळव्या मळी काढत असतो आणि खाली खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी, एक माणूस बसलेला असतो. वाळलेलं चिपाड आत ढकलत राहायचं, एवढंच त्याचं काम. पण जाळ एकसारखा लागतो. कमी पडला तर आधण, म्हणजे एका वेळी उकळायला घेतलेला रस, रेंगाळतं, जास्त झाला तर गूळ करपतो. त्यामुळे त्याला जागचं हलता येत नाही. लहानपणापासून मी या काकांना पाहते आहे. त्यांचे डोळे कायम लाल आणि बोलताना दर चार शब्दांनी खोकला.

दोन हंगामांपूर्वी मामांनी चुलवाण बदललं. हवा नीट खेळेल अशी आतली बांधणी, उंच धुराडं आणि रस आधी कोमट करून घेणारी दुसरी काहील. यंदा मी काकांना विचारलं, काय फरक पडला? ते म्हणाले, "ताई, खोकला ऱ्हायला बघा. आनि चिपाड बी उरतंय."

आता हेच काम हवामानबदलाच्या हिशेबात मांडलं, तर जमेच्या बाजूला जवळजवळ काहीच दिसत नाही.

असं का होतं? ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो. चिपाड जाळलं की तोच कार्बन परत हवेत जातो. पुढच्या वर्षी ऊस पुन्हा उगवतो आणि पुन्हा घेतो. म्हणून चिपाडातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची बेरीज शून्य धरतात आणि ते बरोबरच आहे. जमिनीखालून काढलेल्या कोळशाचं तसं नसतं. राहिली काजळी. ती वायूच नव्हे. हवामानबदलावरच्या १९९७ च्या क्योटो कराराने ज्या सहा वायूंचा हिशेब ठेवायचं ठरवलं, त्यात काजळी नव्हती, आणि कार्बन वाचवल्याबद्दल मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटच्या नेहमीच्या गणितातही तिला जागा नाही. उरलेलं चिपाड कुणी विकत घेतलं आणि त्याच्याकडचा कोळसा तेवढ्याने वाचला, तरच काहीतरी आकडा लागतो. काकांचा खोकला थांबला, तो त्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्या न बसणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत को-बेनिफिट म्हणतात. मराठीत सहलाभ म्हणू. हवामानासाठी एक काम केलं आणि सोबत आणखी काही पदरात पडलं: स्वच्छ हवा, वाचलेलं पाणी, गावात मिळालेला रोजगार, रात्रीची झोप. हा या शब्दाचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ नेमका उलट्या टोकाने येतो आणि बातम्या वाचताना गोंधळ तिथेच होतो. जागतिक बँक, आशियाई विकास बँक अशा संस्था 'क्लायमेट को-बेनिफिट' म्हणतात, तेव्हा काम विकासाचं असतं, म्हणजे रस्ता, पाणीयोजना किंवा वीजवाहिनी, आणि त्यातून हवामानबदल रोखायला किंवा सोसायला होणारी मदत हा सहलाभ असतो. एकच शब्द, पण एकाची मुख्य गोष्ट ती दुसऱ्याची जोडीची. दोन्ही अर्थ आपल्याला लागणार आहेत. आधी पहिला घेऊ.

देशांनी एकत्र येऊन हे काम का करायचं, याचं कारण कार्बनच्या स्वभावात आहे. तो जगभर पसरतो. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एक टन वाचवा नाहीतर जपानमधल्या ओसाकात, पृथ्वीच्या तापमानाला फरक पडत नाही. मग जिथे स्वस्तात वाचतो तिथे वाचवा, पैसे ज्याच्याकडे आहेत त्याने द्या, ही कल्पना पुढे आली. १९९२ साली रिओ दि जानेरोत मूळ करार झाला. पुढे क्योटो कराराने 'स्वच्छ विकास यंत्रणा' उभी केली, तिला सगळे सीडीएम म्हणतात. भारतासारख्या देशातल्या प्रकल्पाने एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवला की एक क्रेडिट, ते श्रीमंत देशाने विकत घ्यायचं आणि स्वतःच्या हिशेबात दाखवायचं. महाराष्ट्रातल्या काही साखर कारखान्यांचे बगॅसवर, म्हणजे चिपाडावर, वीज करणारे सहवीज प्रकल्पसुद्धा या यादीत गेले होते.

पण धुराचा स्वभाव कार्बनसारखा नाही. त्याचा जास्त त्रास जिथला तिथेच होतो. काकांच्या छातीत गेलेली काजळी ओसाकात जात नाही. म्हणजे मुख्य लाभ साऱ्या जगाचा आणि सहलाभ मात्र गावाचा. जगाला ज्यातून फायदा आहे त्याचे पैसे जग देतं. गावाच्या फायद्याचे पैसे देणारं बाहेर कुणी नसतं आणि म्हणून तो मोजायची घाईही कुणाला नसते. हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या बऱ्याच भानगडी आपोआप उलगडतात.

आपल्याकडे दूध संस्थेत सकाळी किटली घेऊन गेलं की नुसतं लिटर मोजत नाहीत. सॅम्पल काढतात, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) बघतात आणि त्यावर दर लागतो. म्हशीच्या दुधाला सहा फॅट, नऊ एसएनएफ हा हिशेब पोरंटोरंही तोंडपाठ सांगतात. का? कारण नुसत्या लिटरवर दर दिला असता तर पाणी घालणाऱ्याचं फावलं असतं आणि चांगली म्हैस सांभाळणाऱ्याचं नुकसान झालं असतं. सीडीएमने जवळजवळ तेच केलं. टन मोजले, फॅट बघितलं नाही. प्रकल्पाने स्थानिक विकासाला हातभार लावावा अशी अट कागदावर होती, पण तो लावला की नाही हे ठरवायचं काम त्या त्या देशावर सोडलं होतं.

त्याचा सर्वांत वाईट नमुना एचएफसी-२३ या वायूचा. फ्रिज-एसीत लागणारा एचसीएफसी-२२ तयार करताना हा वायू उपउत्पादन म्हणून निघतो. त्या वेळच्या हिशेबात एक टन एचएफसी-२३ नष्ट केला की ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्यासारखं धरत. चीन आणि भारतातल्या मोजक्या कारखान्यांना यातून एवढी क्रेडिट मिळाली की वायू नष्ट करून मिळणारा पैसा मूळ मालाच्या नफ्यावर मात करू लागला. मग क्रेडिटसाठी मालच जास्त काढला जातोय, अशी टीका झाली. युरोपीय संघाने २०१३ पासून ही क्रेडिट आपल्या बाजारात घेणं बंद केलं. त्या कारखान्यांच्या शेजारच्या गावाला यातून ना स्वच्छ हवा मिळाली, ना पाणी. त्याच बाजारात एखाद्या गावचे शेणावरचे बायोगॅस प्रकल्प टनाच्या मापात अगदी किरकोळ ठरत होते. त्यातून चुलीचा धूर जातो, बाईचा सरपणाचा भार जातो, शेताला स्लरी मिळते. पण हे सगळं फॅट झालं. दर मात्र लिटरला होता.

ही त्रुटी तेव्हाच काहींच्या लक्षात आली होती. २००३ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था आणि इतर संस्थांनी मिळून 'गोल्ड स्टँडर्ड' नावाचं प्रमाणपत्र सुरू केलं. त्यात टनांसोबत विकासाचे फायदेही दाखवावे लागतात.

मग आला २०१५ चा पॅरिस करार. क्योटोत फक्त श्रीमंत देशांवर बंधन होतं, इथे प्रत्येक देशाने आपापलं उद्दिष्ट जाहीर करायचं ठरलं. भारताने २०२२ साली सुधारित उद्दिष्ट दिलं: २०३० पर्यंत दर रुपयाच्या उत्पन्नामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचं आणि वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायूखेरीज इतर स्रोतांची करायची. देशादेशांनी एकमेकांना मदत करून टनांची देवाणघेवाण कशी करायची, हे या कराराच्या सहाव्या कलमात आहे. ते नियम ठरायला फार वेळ लागला. मुख्य नियमावली २०२१ ला ग्लासगोतल्या हवामान परिषदेत झाली आणि राहिलेला भाग २०२४ ला बाकूतल्या परिषदेत पुरा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी अशाच एका संयुक्त व्यवस्थेवर सह्या केल्या.

सहाव्या कलमातली कळीची गोष्ट पुन्हा दूध संस्थेतूनच समजते. एकाच किटलीतलं दूध दोन सभासदांच्या कार्डावर चढवलं तर संस्था बुडेल. इथेही तसंच. भारतात वाचलेला टन जपानला विकला, तर तो भारताच्या हिशेबातून वजा करावाच लागतो. दोघांनीही तोच टन आपला म्हणून दाखवायचा नाही. त्यामुळे कुठला टन विकायचा आणि कुठला स्वतःच्या उद्दिष्टासाठी राखायचा, हे देशाला विचार करून ठरवावं लागतं. स्वस्तातले सगळे विकून टाकले तर मागे महागडे राहतात. सहलाभाची गंमत अशी की तो विकला जात नाही. टन जपानला गेला तरी स्वच्छ हवा इथेच राहते. म्हणून सौदा करताना भारताच्या बाजूने खरा प्रश्न असा असायला हवा: ज्या कामाचा टन आपण देतोय, त्यामागे आपल्या गावात काय राहणार आहे?

आता मोजणीकडे येऊ. जरा किचकट आहे, पण सगळं मर्म इथेच आहे.

शेतीपंपाचं उदाहरण घ्या. पंचगंगेकाठी उसाला पाणी देणारा पाच एचपीचा पंप ढोबळमानाने तासाला चार युनिट खातो. दिवसाला आठ तास धरले तर ३२ युनिट. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बहुतेक वीज अजून कोळशाची. म्हणजे दिवसाला सुमारे २२ किलो. वर्षातले १५० दिवस पंप चालला तर ३.३ टनांच्या आसपास. हाच पंप सौरविजेवर गेला की साधारण तेवढे टन वाचले. टनाचा हिशेब इथे संपतो.

शेतकऱ्याला विचारा, तो टनाचं काही बोलणार नाही. तो म्हणेल, आता दिवसा पाणी पाजता येतं. आजवर थ्री-फेज वीज कित्येकदा रात्रीचीच यायची. रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात शिरायचं, पायाखाली साप आहे की सरी ते कळत नाही, डोंगराकडच्या गावांना गव्यांची भीती वेगळी. दिवसा वीज द्या म्हणून याच जिल्ह्यात आंदोलनं झालीत. तर सौरपंपाचा मोठा सहलाभ म्हणजे रात्रीची झोप आणि टळलेला सर्पदंश. हा मोजता येतो का? येतो. रात्रीच्या पाळीचे दिवस किती होते, किती झाले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचे रुग्ण कुठल्या वेळेला येतात. अवघड काही नाही, कुणीतरी लिहून ठेवायला हवं. आणि एक उलटा परिणामही लिहून ठेवायला हवा. वीज फुकट झाली की पंप थांबवायचं कारण उरत नाही, पाणी जास्त उपसलं जातं आणि शिरोळकडच्या खारवटलेल्या जमिनी बघितल्या की त्याचा शेवट काय ते समजतं. सहलाभ मोजणाऱ्याने सहतोटाही मोजला पाहिजे.

आरोग्याचा हिशेब यापेक्षा लांब पल्ल्याचा आहे. आधी धूर किती कमी झाला ते बघायचं. मग हवेतल्या बारीक कणांचं, म्हणजे पीएम २.५ चं, प्रमाण किती घटलं. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात आणि फुप्फुसात खोलवर उतरतात. मग ती हवा किती माणसं, रोज किती तास घेतात. शेवटी, तेवढ्या घटीने आजार किती कमी होतात, हे मोठ्या अभ्यासांतून काढलेल्या सूत्राने मांडायचं. उत्तर येतं ते निरोगी आयुष्याच्या वाचलेल्या वर्षांमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या अहवालात सांगितलं होतं की हवामानासाठी केलेल्या खर्चाच्या जवळपास दुप्पट किमतीचा फायदा केवळ आरोग्यातून मिळू शकतो आणि भारत-चीनसारख्या देशांत हे प्रमाण आणखी जास्त असेल. एवढा मोठा आकडा जोडीचा लाभ म्हणून शेवटच्या पानावर टाकणं मला पटत नाही. आपल्यासाठी तोच पहिल्या पानावरचा आहे.

या साखळीत प्रत्येक कडीला चूक होऊ शकते. कोल्हापूर शहर केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे, म्हणून इथे हवा मोजणारी यंत्रं आहेत. पण चौकातलं यंत्र चुलवाणाच्या खड्ड्यातली हवा सांगत नाही. शिवाय पाऊस पडला की हवा धुतली जाते, वारा फिरला की आकडा फिरतो. त्याचं श्रेय चुलवाणाला देता येत नाही. म्हणून जाणकार दोन गोष्टी मागतात. एक, बदल करण्याआधीची नोंद. दोन, बदल न केलेलं तसंच दुसरं ठिकाण, तुलनेसाठी. आमच्या शेजारच्या शिवारात जुन्या चुलवाणाचं गुऱ्हाळ आहे. त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात तिथली हवा मोजली तर खरा फरक कळेल.

तुलना नीट केली नाही तर काय होतं, ते सुधारित चुलींनी दाखवलं. जगभर या चुलींवर लाखो क्रेडिट विकली गेली. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा त्यांच्या नमुन्यातल्या प्रकल्पांनी प्रत्यक्षाच्या ९.२ पट क्रेडिट घेतल्याचं निघालं. नवी चूल आली, पण बाईने जुनी सोडली का? बहुतेक घरांत दोन्ही पेटतात. भाकरीला जुनी, चहाला नवी. कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईने हे प्रकल्पवाल्यांना दारातच सांगितलं असतं.

आता सहलाभाचा दुसरा अर्थ, विकासाच्या कामातून हवामानबदलाच्या बाबतीत होणारी मदत. २०१९ च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला. आंबेवाडी, प्रयाग चिखलीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडली. जुन्या माणसांचं माप वेगळंच. शिवाजी पुलाशी पाणी ठरलेल्या उंचीला आलं की ते 'मच्छिंद्री झाली' म्हणतात आणि तेवढ्यावरून सामान वर चढवायचं की घर सोडायचं ते ठरतं. आता कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या मदतीने कार्यक्रम आखला गेला आहे. अशा कर्जात हवामानाचा वाटा किती, हे विकास बँका कसा ठरवतात?

समजा शंभर कोटींचा रस्ता आहे. पुराचं पाणी लक्षात घेऊन मोऱ्या मोठ्या केल्या, त्याचा जादा खर्च बारा कोटी. तर शंभर नव्हे, बारा कोटी हवामान-अनुकूलनाचे, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड देण्याच्या कामाचे, धरतात. त्यासाठी तीन गोष्टी कागदावर लागतात: इथे हवामानाचा धोका काय आहे, तो कमी करण्याचा हेतू या कामात लिहिलेला आहे का, आणि कामाचा नेमका कुठला भाग त्या धोक्याला भिडतो. पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. निदान सगळा रस्ता हिरवा म्हणून खपवता येत नाही. देशांच्या आपसातल्या मदतीत तर आणखी ढिलाई आहे. तिथे हवामान हा कामाचा हेतू नसेल तर शून्य, दुय्यम असेल तर एक, मुख्य असेल तर दोन असे शेरे देतात आणि 'एक' शेऱ्याच्या कामाचे कुणी ४० टक्के पैसे हवामानाचे धरतो, कुणी ५० टक्के, कुणी पूर्ण.

पण बारा कोटी हा खर्च झाला. फायदा त्यात मोजलेलाच नाही. आणि आपल्याकडे ही फट किती खोल आहे ते शिरोलीला दिसतं. रस्ता बुडू नये म्हणून भराव टाकून उंच केला, तर वाहतूक वाचते. त्याच भरावाला पाणी अडतं आणि वरच्या अंगाच्या गावांत तुंबतं, म्हणून भराव नको, खांबांवरचा पूल करा, अशी मागणी पूरग्रस्त गावं सतत करत आली आहेत. बँकेच्या तक्त्यात उंच भराव आणि खांबांचा पूल, दोन्ही अनुकूलन म्हणूनच लागू शकतात. चिखलीच्या माणसाच्या दृष्टीने पूल घर वाचवतो आणि भराव बुडवतो. हा फरक पकडायचा तर रुपये मोजून भागत नाही. पूर किती फूट कमी चढला आणि किती तास आधी ओसरला, हे वरच्या गावात जाऊन मोजावं लागतं.

टनासारखं एकच माप पूर सोसण्याला नाही, हेही पैसा कमी येण्याचं एक कारण आहे. गरीब देशांना हवामानाच्या कामासाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर २०२० पर्यंत देऊ, असं श्रीमंत देशांनी २००९ ला कोपनहेगनमध्ये म्हटलं. ते प्रत्यक्षात आलं २०२२ ला, आणि त्यातही मोठा वाटा उत्सर्जन कमी करण्याच्या कामांना गेला. बाकूत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. झालेल्या नुकसानीसाठी वेगळा निधी २०२२ ला मान्य झाला. या पैशासाठी अर्ज करताना जिल्ह्याला आपला धोका आणि आपला फायदा आकड्यात मांडावा लागेल. ते आकडे दिल्लीत तयार होत नाहीत. ते बंधाऱ्यावरच्या पट्टीवर, दवाखान्याच्या रजिस्टरात आणि पाणीपाळीच्या वहीत असतात.

मामांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी गुऱ्हाळाची वही पुढे केली. दिवसाला आधणं किती झाली आणि गूळ किती पडला, एवढंच तिच्यात होतं. आम्ही दोन रकाने वाढवले: चिपाड किती उरलं आणि काका किती दिवस खोकल्याने घरी राहिले. पण जुन्या चुलवाणाच्या वेळची नोंद कुठेच नाही, त्यामुळे आमच्याकडे 'आधी' नाही, फक्त 'नंतर' आहे. काकांची आठवण खरी आहे, पण तक्त्यात ती चालत नाही.

शेजारच्या गुऱ्हाळाचं चुलवाण पुढच्या हंगामात बदलायचं ठरलंय. त्यांची वही या सोमवारपासूनच सुरू केली. पहिल्या दिवशी नोंद आहे: आधणं सहा, चिपाड उरलं नाही, जाळावरचा माणूस दुपारनंतर घरी गेला.